शरदातला शेजार

ऑक्टोबरातल्या रविवारी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या दाराशी दोन रांगा दिसतात. पहिली रोजच्यांची. पायात पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली, तोंडी कालच्या सामन्याच्या गप्पा. या मंडळींना जंगलात फार आत जायचं नसतं. डांबरी रस्त्याने ठरलेल्या वळणापर्यंत जायचं, झाडाखाली चार सूर्यनमस्कार घालायचे आणि इडली खाऊन घरी परतायचं. दुसरी रांग हंगामी. शाळेच्या टोप्या घातलेली मुलं, गळ्यात दुर्बिणी, लांब नळीचे कॅमेरे, ट्रेलसाठी आगाऊ नाव नोंदवून आलेली तरुण मंडळी. पाऊस सरला की ही दुसरी रांग वाढू लागते आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिलीला मागे टाकते.

दाराबाहेर तिसरी माणसं बसलेली असतात. ती कुठल्याच रांगेत नाहीत. पाड्यांवरून आलेल्या या बायकांच्या टोपलीत दसऱ्याच्या आधी आपट्याच्या डहाळ्या आणि भाताच्या लोंब्या असतात, दसरा झाला की काकड्या आणि करांदे. शहरातली माणसं त्यांच्याशी भावात घासाघीस करतात आणि मग तिकीट काढून जंगल समजून घ्यायला आत जातात. ज्यांच्या कितीतरी पिढ्या त्याच जंगलात राहिल्या, त्यांच्याकडून एक जुडी आपटा घेतला की आपला संबंध संपतो.

हे नॅशनल पार्क म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, एसजीएनपी. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत ते पसरलं आहे आणि तिन्ही बाजूंनी इमारतींनी वेढलेलं आहे. बोरिवली, मालाड, गोरेगाव, मुलुंड, भांडुप, ठाणे: ज्याच्या त्याच्या खिडकीतून याच डोंगराची वेगळी कड दिसते. याच जंगलातला विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. दोन्ही अजून शहराला पाणी देतात. दहिसर नदी तुळशीपाशी उगम पावते, तर विहारचं ओसंडलेलं पाणी मिठीला मिळतं. म्हणजे हे जंगल मुंबईच्या पाठीमागे आहे असं म्हणण्यापेक्षा मुंबई या जंगलाच्या उताराला आहे, असं म्हणणं भूगोलाला धरून होईल.

खुळखुळ्यावरची गर्दी

जंगल बघायला शरदच का, याचं उत्तर वाटेवर पहिल्या पंधरा मिनिटांत मिळतं. पावसाळ्यात ओढे भरून वाहतात, दगड शेवाळतात, जळवा लागतात आणि कितीतरी वाटा बंद असतात. उन्हाळ्यात पानगळीने जंगल उघडं पडतं. या दोहोंच्या मध्ये आश्विन-कार्तिकाचे आठवडे असे असतात, की ओढ्याला पाणी आहे आणि तो ओलांडताही येतो. गवत उंच आहे आणि त्याचे तुरे सोनेरी होऊ लागले आहेत. पावसात वाढलेले किडे भरपूर माजले आहेत आणि त्यांना खाणारे पाहुणे उत्तरेहून नुकतेच उतरत आहेत.

उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर या दिवसांत पुढे चालणाऱ्याला एक काम करावं लागतं: काठी समोर धरून हळूहळू चालायचं. दोन झाडांच्या मध्ये, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जायंट वुड स्पायडरची जाळी लटकलेली असतात. उन्हाचा कवडसा पडला की जाळ्याचा रेशमी धागा पिवळा चमकतो. मधोमध बसलेली मादी पाय पसरून तळहाताएवढी होते. तिच्याच जाळ्याच्या कडेला नखाएवढा एक कोळी जीव मुठीत धरून बसलेला दिसतो, तो तिचा नर. मुलांना हे सांगितलं की आधी कोणाचा विश्वास बसत नाही, मग सगळ्या मुली एकदम हसतात. जाणता वाटाड्या जाळं मोडत नाही. तो सगळ्यांना वाकायला लावतो. पंधरा माणसं एका कोळिणीसमोर कमरेत वाकून पुढे जातात, आणि जंगलाचा पहिला धडा भाषणाशिवाय शिकून होतो.

पुढे मोकळ्या माळावर खुळखुळ्याची झुडपं आहेत. शेंगा वाळल्या की आतल्या बिया वाजतात, म्हणून मुलांना हे झाड आवडतं. पण ऑक्टोबरात गर्दी असते ती फुलपाखरांची. ब्ल्यू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो. ती फुलांवर बसलेली नसतात. वाळक्या पानाला, मोडलेल्या देठाला सोंड लावून तासन् तास चिकटून असतात. यात बहुतेक नर. खुळखुळ्यात कडू अल्कलॉइड असतात. ती शोषून नर त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनवतात, आणि त्याच कडवटपणामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. नेहमी माणूस दिसताच उडणारी फुलपाखरं इथे नाकासमोर बसून राहतात. बोट जवळ नेलं तरी हलत नाहीत. एका शाळकरी मुलाने वाटाड्याला विचारलं, "काका, ही आजारी आहेत का?" काका म्हणाले, "लग्नाच्या तयारीत आहेत."

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था. तिचं संवर्धन शिक्षण केंद्र गोरेगावला, जंगलाच्या कडेला आहे. तिथेही या दिवसांत फुलपाखरांच्या आणि पक्ष्यांच्या सकाळच्या फेऱ्या निघतात. ब्ल्यू मॉर्मन हे २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलं, तेव्हापासून त्याला ओळखणारी पोरं वाढली आहेत. लिंबाच्या कुळातल्या झाडावर ते अंडी घालतं, हे कळल्यावर सोसायटीच्या बाल्कनीत कढीलिंबाची कुंडी ठेवणारे पालकही दिसतात.

कारवीचं साल

सगळ्याच वर्षांचा शरद सारखा नसतो. दर आठव्या वर्षी या डोंगरावर कारवी फुलते. २००८, २०१६, २०२४. सात वर्षं नुसती हिरवी असणारी ही झुडपं आठव्या वर्षी एकदम जांभळी-निळी होतात. एरवी वाट सोडून न जाणारे लोकही त्या साली चढ चढतात. फुलांच्या मागे आग्या मोहोळाच्या माश्या येतात. फुलं संपली की झुडूप मरतं. बिया सुकलेल्या बोंडांत वर्षभर थांबतात आणि पुढच्या पावसाचा ओलावा लागला की बोंडं तडकतात. त्या दिवसांत वाळल्या कारवीत उभं राहिलं तर तडतड ऐकू येते.

शहरातल्या माणसासाठी कारवी म्हणजे फुलं. पाड्यावरच्या माणसासाठी कारवी म्हणजे भिंत. तिच्या सरळ काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा करायचा, की कुडाचं घर उभं राहतं. वारली चित्रं पहिल्यांदा अशाच भिंतींवर काढली गेली. फुलोऱ्याच्या वर्षी जंगलात येणाऱ्या कॅमेऱ्यांना हे कोणी सांगितलं तर ट्रेल अर्धा तास लांबेल, पण तो अर्धा तास वाया जाणार नाही.

वर्षावास संपतो तेव्हा

मुख्य दारापासून सुमारे सहा किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती होती. सुट्टीत भाड्याच्या सायकली घेऊन पोरं इथवर येतात, घामाघूम होऊन मोठ्या चैत्यगृहात टेकतात आणि थंडाव्याने गप्प होतात. लेण्यांच्या बाहेर कातळात कोरलेली टाकी आहेत. डोंगरावरून वाहणारं पाणी खोदलेल्या चरांतून त्यांच्यात उतरवलेलं आहे. शरदात ही टाकी काठोकाठ भरलेली असतात. पाणी अडवण्याची इतकी नेटकी व्यवस्था इथे दोन हजार वर्षांपूर्वी होती, हे भर उन्हाळ्यात आलेल्याला पटणार नाही. ते आत्ताच बघायचं.

बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. तो वर्षावास. आश्विन पौर्णिमेला तो संपतो आणि त्यानंतर भिक्खूंना चीवर, म्हणजे वस्त्रं, दान करण्याचा काळ येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत टाकी खोदून दिल्याच्या नोंदी आहेत, तशा लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूच्या वस्त्रासाठी ठेवलेल्या रकमांच्याही. सोपारा आणि कल्याणसारख्या बंदरांतले व्यापारी, गृहस्थ, स्त्रिया यांची नावं तिथे आहेत. शहराने या डोंगरावर यावं, इथल्या माणसांना काही द्यावं, इथून काही घेऊन जावं, हा व्यवहार शरदातही होत होता. त्यात देणं आधी होतं, एवढं आपण विसरलो.

बिबट्याचा पत्ता

या जंगलाची खरी कीर्ती मात्र बिबट्यांची. २०१५ साली कॅमेरा ट्रॅप लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात ३५ बिबटे आढळले. २०१८ साली ४७. एवढ्या दाट वस्तीला लागून इतके बिबटे, हे जगात फार थोड्या ठिकाणी असेल. ते जगतात कशावर, याचं उत्तर जंगलाइतकंच शहरात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या बिबट्यांच्या आहारातला सुमारे ४० टक्के वाटा भटक्या कुत्र्यांचा असल्याचं मांडलं होतं. कुत्री कचऱ्यावर जगतात. कचरा आपण टाकतो. बिबट्या रात्री कुठे जाईल, हे आपल्या सोसायटीमागच्या कचराकुंडीवर ठरतं.

२००२ ते २००४ या काळात या परिसरात माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. जून २००४ हा सर्वांत वाईट महिना. तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जात. जुन्नर भागात काम करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं होतं, की बिबट्याला उचलून परक्या जागी सोडलं की प्रश्न मिटण्याऐवजी वाढतो. पुढे २०११ साली, सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना, 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, अभ्यासक, पोलीस, पत्रकार आणि रहिवासी एका टेबलाशी बसले. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, हा खाक्या मागे पडला.

आज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा होतो, शाळांमध्ये चित्रस्पर्धा होतात, सोसायट्यांमध्ये सभा होतात. त्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. काळोखातून जाताना बोलत, गाणं लावून, टॉर्च घेऊन जा. उघड्यावर बसू नका, कारण खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा वाटतो. कचरा साठू देऊ नका. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावू नका. त्याला वाट द्या.

शेवटच्या सूचनेला सगळे मान डोलावतात. तीच सगळ्यात कमी पाळली जाते.

वाघबारस

वसुबारस म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. घराघरांत गाय-वासराची पूजा होते, अंगणात पहिली पणती लागते. त्याच सुमाराला वारली पाड्यांवर वाघबारस असते, वाघोबा या देवाच्या पूजेची. वाघोबाचं देऊळ म्हणावं तर ते देऊळही नसतं. झाडाखाली एक लाकडी फळी किंवा दगड, त्यावर कोरलेला वाघ, बाजूला चंद्र-सूर्य, अंगभर शेंदूर. त्या दिवशी आजूबाजूचं गवत कापून जागा साफ केली जाते, शेंदराचा नवा लेप चढतो, नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं, दारूची धार पडते. भगत गाऱ्हाणं घालतो: पोरांना सांभाळ, गुरांना सांभाळ, वाट सोड.

वाघोबाची कथा पाड्यागणिक बदलते. एका कथेत तो एका तरुणीच्या पोटी जन्मलेला मुलगा आहे. तो वाघाचं रूप घेतो आणि गावाची गुरं मारतो. गाव चिडून आईकडे येतं. आई त्याला जंगलात जाऊन राहायला सांगते. मात्र गावाने त्याचं ठाणं मांडायचं आणि वर्षातून एकदा त्याला त्याचा मान द्यायचा, असं ठरतं. म्हणजे दोन्ही बाजूंना अटी आहेत. गाव अट विसरलं तर वाघोबाही बांधील नाही. गुरं मेली की काही घरांत पहिला प्रश्न येतो, यंदा बारस नीट झाली होती ना?

रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत दीडशेहून जास्त वाघोबाची ठाणी नोंदवली. त्यांचा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. भक्ती असली म्हणून नुकसानीचा राग येत नाही, असं त्यांनी म्हटलेलं नाही. शेळी गेली तर वारल्यालाही दुःख होतं आणि भरपाईही हवी असते. पण जनावराशी नातं आधीपासून असतं, आणि ते नातं रागाला थोडं थोपवून धरतं. सरकारी जनजागृती ज्या मुक्कामाला पोचायची धडपड करते, तिथे वाघबारस कधीचीच पोचली आहे.

उद्यानाला लागून असलेल्या आरेतल्या एका पाड्यावर बारशीच्या संध्याकाळी पोचलं की ही सगळी चर्चा जरा पोशाखी वाटू लागते. मागे मेट्रोच्या कारशेडचे दिवे, पुढे शेंदूर लावलेला दगड. पोरांच्या अंगावर क्रिकेट संघांचे टी-शर्ट. पानात गुंडाळून वाफवलेली काकडीची भाकर, उकडलेले करांदे. भातकापणीआधी कणसरी या धान्यदेवतेची आठवण काढणाऱ्या, वाळक्या भोपळ्याचा तारपा अजून वाजवणाऱ्या घरांत सिक्युरिटीच्या नोकऱ्या करणारी पोरं आहेत. ती बारशीला रजा टाकतात. एका आजीला विचारलं, बिबट्याची भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते तर. म्हणून तर त्याला जेवायला बोलावतो."

या उत्तरावर भाळून जाणं सोपं आहे. पण २०२१च्या सप्टेंबरात आरेत लागोपाठ हल्ले झाले. एका वयस्क बाईंनी हातातल्या काठीने बिबट्याला परतवलं, ते दृश्य सीसीटीव्हीमुळे देशाने पाहिलं. पुढच्याच वर्षी, २०२२च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरच्या पहाटे आरेत सोळा महिन्यांच्या मुलीला बिबट्याने नेलं. त्या आईबापाला सहजीवनाची व्याख्याने देण्याचा अधिकार कोणालाच नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर जी यादी समोर येते ती तीच असते: रस्त्यावर दिवे नाहीत, घरात संडास नाहीत, कचरा उचलला जात नाही. परंपरेने भीतीला वळण दिलं, पण अंधारावर उपाय महापालिकेनेच करायचा असतो. जंगलालगतच्या उंच इमारतींमध्ये बिबट्या दिसला तर व्हिडिओ होतो. पाड्यावर दिसला तर रात्र होते.

पाहुणा कोण, यजमान कोण

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षीसप्ताह. एका टोकाला मारुती चितमपल्ली यांची जयंती, दुसऱ्या टोकाला सालिम अलींची. राज्य सरकारने २०२० साली त्याला अधिकृत मान्यता दिली. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. पक्षीसप्ताहाच्या फेऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं, पण त्यांच्या कामाची रीत क्वचित सांगितली जाते. सोलापूरचा हा वनाधिकारी जंगल शिकला ते जंगलात राहणाऱ्यांकडून, आणि ज्यांच्याकडून शिकला त्यांची नावं त्याने लिहून ठेवली. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार मराठी वाचकाला माहीत झाले ते त्यामुळे.

बोरिवलीच्या जंगलात नोव्हेंबरची पक्षीफेरी याच कसोटीला लावून बघावी. नीलांग दिसतो, धोबी शेपटी हलवत डबक्याकाठी फिरतो. यादी भरते. वाटाडे उत्तम असतात, बरेचसे शहरातले पदवीधर. हल्ली पाड्यांवरची काही मुलंमुलीही वाटाड्याचं काम करतात. त्यांच्याबरोबर चाललं की पक्ष्याच्या नावाआधी त्याच्या आवाजाची नक्कल ऐकू येते, आणि कोणत्या झाडाला कधी फळ धरतं याचा हिशेब. फेरीच्या शेवटी आभाराच्या भाषणात मात्र त्यांचं स्थान अनेकदा 'स्थानिक मदतनीस' एवढंच उरतं. सांस्कृतिक कार्यक्रम असला तर तारपा वाजवायला त्यांना बोलावलं जातं, टाळ्या मिळतात, आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी असते. जंगलातल्या अतिक्रमणांवर १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून इथल्या मूळच्या पाड्यांनाही आपण कोण, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं आहे.

आणि जंगलावरचे दावे थांबलेले नाहीत. ऑक्टोबर २०१९मध्ये आरेत कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली. पुढे २०२०मध्ये आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली. आता ठाणे ते बोरिवली असा ११.८ किलोमीटरचा जुळ्या बोगद्याचा रस्ता याच डोंगराखालून जाणार आहे. या सगळ्या वादांमध्ये जंगलाच्या बाजूने बोलायला मुंबईकर उभा राहतो, तो बहुधा कधीतरी अशाच एखाद्या रविवारी कोळिणीच्या जाळ्याखालून वाकून गेलेला असतो. म्हणून या फेऱ्या, हे सप्ताह, ही शिबिरं हवीच आहेत. त्यांनी शहराला जंगल आवडायला लावलं. पुढचं काम अवघड आहे, कारण नुसत्या आवडीने शेजार टिकत नाही. त्याला अटी लागतात आणि त्या दोन्हीकडून पाळाव्या लागतात.

वारल्यांच्या करारात वाघोबाला वर्षाकाठी एक कोंबडं लागतं, शेंदूर लागतो, एक दिवस रजा टाकावी लागते. आपल्या वाट्याची अट त्याहून स्वस्त आहे. मागच्या भिंतीला कचरा साठू द्यायचा नाही, पाड्याच्या वाटेवर दिवा आणि घरात संडास मिळेपर्यंत नगरसेवकाच्या मागे लागायचं, दिवाळीचे रॉकेट जंगलाकडे तोंड करून लावायचे नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या वन्यजीव सप्ताहात व्यासपीठावर पाहुणा म्हणून कोणाला बोलवावं असा प्रश्न पडला, तर आधी दाराबाहेर आपटा विकणाऱ्या बाईला वेळ आहे का, ते विचारायचं.